विउदाची पिशवी

रोसेंदा मुलीच्या बाळंतपणाला पुन्ता आरेनासला गेली
आणि अकरा कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्या.
मी जन्मभर फेरीबोटीवर दोरखंड ओढले.
कोंबडीला कान असतात की नाही
हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

काळीचं नाव विउदा. म्हणजे विधवा.
नाव रोसेंदानंच ठेवलं,
मी समोर चांगला जिवंत बसलेला असताना.
तिची अंडी निळी,
आमच्या बेटावर आभाळ तासाभरासाठी उघडतं
तेव्हा खाडी दिसते तशी, फिकट.

मंगळवारी ती पिसं फुगवून कोपऱ्यात उभी.
बाकीच्या बटाट्याच्या सालींवर तुटून पडलेल्या,
ही मात्र मान वेळावून वेळावून
काहीतरी गिळू पाहत होती
जे केव्हाच गिळून झालं होतं.

फोन लावला.
"सकाळी दाणे टाकायच्या आधी
छातीच्या वर, उजवीकडे चाचपून पाहा.
रात्रीत पिशवी रिकामी व्हायला हवी."
रिकामी नव्हती.
पाणी भरलेल्या हातमोज्यासारखी लिबलिबीत,
आणि आत, तळाशी, एक गाठ.
चोच उघडली तर
पिंपात विसरलेल्या सफरचंदाच्या दारूचा वास.

"शिटते कशी?" तिनं विचारलं.
एकेचाळीस वर्षांच्या संसारात
आम्ही इतकं उघड कधी बोललो नव्हतो.
"हिरवट," मी म्हणालो. "पातळ. आणि जराशीच."
ती गप्प झाली.
तिच्यामागे कुणीतरी नवं माणूस रडत होतं.

दाणा बंद. मासळीच्या क्रेटमध्ये जुना स्वेटर,
क्रेट चुलीपाशी.
चोचीच्या कडेनं कोमट पाणी, तेल,
थेंब, मग थांबायचं,
तिनं गिळलं की पुढचा थेंब.
शेजारची एदेलमिरा येऊन म्हणाली,
उलटी धर, सगळं भडाभडा बाहेर येईल.
फोनवरून रोसेंदा ओरडली, खबरदार!
श्वासात गेलं तर हातातच मरेल.
दोघींच्या मध्ये मी,
काखेत कोंबडी.

रात्री वारा पत्र्याला धरून हलवत होता.
मी अंगठ्यानं ती गाठ चोळत बसलो,
हलक्या हातानं, गोल गोल.
या हातांना हलकं काही जमतं
असं मला कुणी सांगितलं नव्हतं.
आमची पोरगी लहानपणी पोट धरून रडायची म्हणे,
रात्र रात्र.
मी तेव्हा पाण्यावर असायचो.
विउदानं डोळे मिटले. पापणी खालून वर येते,
तेही मला याच आठवड्यात कळलं.

तिसऱ्या रात्री गाठ सैल झाली.
चोचीच्या कोपऱ्यात काहीतरी लोंबत होतं.
श्वास रोखून, बोटभर बोटभर,
अडलं की सोडून देत, ओढलं.
चिकट गवत,
आणि गवतात गुंतलेला नायलॉनचा दोरा.
नारिंगी.
अंगणात बसून मी जाळं विणतो
आणि तुकडे कापून तिथंच टाकतो.
झाडून घे, झाडून घे,
रोसेंदा हजारदा म्हणाली असेल.

"काय निघालं?"
"गवत," मी म्हणालो.
दोरा पोटात ठेवला.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग तिनं विचारलं,
"कुठल्या रंगाचं?"

शुक्रवारी पिशवी सपाट होती.
स्वेटरवर शीट पडली, तपकिरी, घट्ट,
वर पांढरी टोपी.
मी तिचा फोटो काढून पाठवला.
बाळाचा फोटो आला होता त्याच्याच खाली.

अंडं अजून नाही. कदाचित येणारही नाही.
मी गुडघ्यांवर बसून अंगणातले दोरे वेचतो आहे,
चिखलातून, कुंपणाखालून,
वीस वर्षांचे नारिंगी तुकडे,
आणि अकराही जणी माझ्या मागे मागे,
याला काहीतरी खायला सापडलं आहे
अशा पक्क्या समजुतीनं.